पदवीची अक्षरे आणि रुग्णाची खाट

अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मुले वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या हाती ऑस्टिओपॅथिक विद्यालयांची प्रवेशपत्रे पडतात. ही वार्ता फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या घरी येऊन पोचली की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर का?’ आमच्या मते हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. मात्र त्याच्या गलबल्यात ‘कोणते विद्यालय निवडावे?’ हा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या पंथाचे पहिले विद्यालय काढले. तत्कालीन औषधोपचारांविषयी त्यांना अविश्वास होता आणि अस्थी व स्नायूंच्या हस्तोपचारावर त्यांची भिस्त होती. पुढे हा पंथ आधुनिक वैद्यकाशी एकरूप होत गेला. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डी.ओ. पदवीधराला औषध देण्याचा व शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण अधिकार आहे, हस्तोपचाराचे शिक्षण तो जादा घेतो इतकेच. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ मात्र केवळ हस्तोपचार करणारे असतात. नाव एक असल्याने आपल्याकडे घोटाळा होतो, तो येथे.

अक्षरांचा महिमा किती पोकळ असतो, हे कॅलिफोर्नियाने १९६२ साली दाखवून दिले. त्या राज्यातील सुमारे २,००० डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. ही पदवी देण्यात आली. पैसे भरल्याच्या रात्री त्यांच्या ज्ञानात कोणती भर पडली होती? आम्हा गोमंतकीयांना तर हा अनुभव नवा नाही. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचे पदवीधर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील वसाहतींत रोगांशी झुंजले, पण खुद्द पोर्तुगालात त्यांना तेथील डॉक्टरांच्या बरोबरीने सहजासहजी कोणी बसवून घेत नसे. ज्यांच्या पूर्वजांनी असला दुजाभाव सोसला, त्यांनीच तो आपल्या नातवंडांवर लादावा, हे शोभत नाही.

तथापि पदवी समान असली म्हणून विद्यालये समान ठरत नाहीत. आज अमेरिकेत अशी चाळीसहून अधिक विद्यालये आहेत. त्यांतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या किंवा टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या विद्यालयासारखी काही सरकारी आहेत, बहुसंख्य खाजगी आहेत आणि काही तर उघड उघड नफ्यासाठी चालणारी आहेत. पहिली दोन वर्षे वर्गात जातात. तेथे फारसा फरक पडत नाही. कसोटी लागते ती तिसऱ्या व चौथ्या वर्षी. पुष्कळ विद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. मग विद्यार्थ्यांना दूरदूरच्या गावांतील रुग्णालयांकडे धाडले जाते. कोठे अनुभवी डॉक्टर मनापासून शिकवतात, तर कोठे विद्यार्थी नुसता मागे उभा राहून पाहत असतो. वैद्यक हे रुग्णाच्या खाटेपाशी शिकायचे शास्त्र आहे. अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० च्या आपल्या अहवालात अमेरिकेतील विद्यालयांची झाडाझडती घेतली, तेव्हा रुग्णालयाविना चालणाऱ्या शाळांवर त्यांनी बोट ठेवले होते. ते बोट आजही हलविण्याचे कारण नाही.

म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्पष्ट विचारावे : शेवटची दोन वर्षे मी कोणत्या गावी, कोणत्या रुग्णालयात असेन? त्या जागा विद्यालय मिळवून देणार की मी शोधायच्या? तेथे निवासी डॉक्टर शिकत असतात काय? मध्येच शिक्षण सोडणारे किती? उत्तर गुळमुळीत आले, तर तेच उत्तर समजावे. आणि हेच प्रश्न तेथे शिकत असलेल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही विचारावेत. माहितीपुस्तिकेतील रंगीत छायाचित्रांपेक्षा त्यांचा शब्द अधिक मोलाचा.

दुसरी बाब कर्जाची. अनेक खाजगी विद्यालयांचे नुसते वार्षिक शुल्क ५०,००० डॉलरच्या वर आहे. राहण्याजेवण्याचा खर्च वेगळाच. २०२५ साली झालेल्या कायद्यान्वये १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलर ठरली आहे. उरलेली रक्कम खाजगी सावकारीतून उभी करावी लागेल. स्वतःच्या राज्याचे सरकारी विद्यालय मिळत असेल, तर केवळ नव्या इमारतीच्या झगमगाटाला भुलून ते सोडणे शहाणपणाचे नव्हे.

पुढील वाटेची भीती मात्र अवाजवी आहे. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या निवासी प्रशिक्षणाची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली. २०२४ च्या राष्ट्रीय नेमणुकांत एम.डी. विद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या, तर डी.ओ. विद्यालयांच्या ९२.३ टक्के. काही चुरशीच्या शस्त्रक्रिया-शाखांत अजूनही डी.ओ. उमेदवाराची वाट चढणीची आहे आणि त्यासाठी अनेकांना स्वतःच्या परीक्षेबरोबर एम.डी.वाल्यांचीही परीक्षा द्यावी लागते. तशी आकांक्षा असणाऱ्याने, त्या शाखांत आपले विद्यार्थी पोचविणारे विद्यालय कोणते, हे आधीच पाहून ठेवावे.

असो. वडीलधाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, नातीच्या नावापुढे कोणती अक्षरे लागणार याची चर्चा देवळाच्या सभामंडपात करण्याऐवजी ती कोठे आणि कोणाच्या हाताखाली शिकणार, याची त्यांनी विचारपूस करावी. रात्री-अपरात्री दार ठोठावणारा रोगी डॉक्टरची पाटी वाचायला थांबत नाही. डॉक्टरच्या हाताला गुण आहे काय, एवढेच त्याला कळते, आणि तो गुण कोठे येतो हे ओळखूनच विद्यालय निवडले पाहिजे.