विश्लेषण : राष्ट्रपतीपदाच्या उमेदवाराची जात सांगितली जाते, मते का नाहीत?

धाराशिव जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत : उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा. राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ असते. म्हणजे या चौघांचे मिळून ७००. २०२२ मध्ये खासदाराच्या एका मताचे मूल्यही ७०० होते. जिल्ह्याच्या वाट्याला अशी एकूण १,४०० मते येतात. देशभरातील १० लाख ८६ हजारांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल. पण ती मते लोकांनी निवडून दिलेल्या माणसांमार्फत पडतात. ती देण्यापूर्वी उमेदवाराची जगाविषयी आणि जातिभेदाविषयी काय मते आहेत, हे जिल्ह्यात कोणी सांगते का? उमेदवार कोणत्या समाजाचा, एवढे मात्र पहिल्याच दिवशी सर्वांना कळते.

२०२२ मध्ये काय झाले?

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि धाराशिव जिल्हाही दुभंगला. परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. उस्मानाबादचे कैलास पाटील सुरतच्या वाटेवरून माघारी फिरले आणि उद्धव ठाकरे यांच्याकडे परतले. खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर ठाकरे यांच्याबरोबरच राहिले. तुळजापूरचे राणाजगजितसिंह पाटील भाजपचे. गावोगावी कार्यकर्ते एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते.

महिन्याभरात, १८ जुलैला, राष्ट्रपतीपदाची निवडणूक झाली. या पाचही लोकप्रतिनिधींच्या पक्षांनी आणि गटांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला होता. ठाकरे यांनी पक्षातील आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचा दाखला दिला. मुर्मू यांच्यासमोर यशवंत सिन्हा होते. ते २००२ ते २००४ या काळात देशाचे परराष्ट्रमंत्री होते. एकीकडे ओडिशातील संथाळ समाजातून आलेल्या, झारखंडचे राज्यपालपद भूषवलेल्या महिला नेत्या आणि दुसरीकडे परराष्ट्र खाते सांभाळलेला नेता, अशी लढत होती. तरीही दोघांना समोरासमोर बसवून चीनबद्दल, शेजारी देशांबद्दल किंवा आदिवासींच्या जमिनीबद्दल कोणी प्रश्न विचारले नाहीत. मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते मिळाली. देशाला पहिल्या आदिवासी राष्ट्रपती मिळाल्या, ही मोठीच गोष्ट झाली. मतांची चर्चा मात्र राहून गेली.

१९९७ ची लढत आज का आठवावी?

कारण त्या वेळी परराष्ट्र धोरण आणि जात हे दोन्ही विषय एकाच उमेदवारात एकत्र आले होते. के. आर. नारायणन यांचा जन्म केरळमधील उळवूर या गावी गरीब दलित कुटुंबात झाला. जे. आर. डी. टाटा यांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले; तिथे हॅरॉल्ड लास्की त्यांचे गुरू होते. १९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास चीनशी राजदूत पातळीवरचे संबंध थांबले होते. पुढे १९७६ मध्ये संबंध पूर्ववत झाले, तेव्हा बीजिंगला पाठवण्यासाठी नारायणन यांची निवड झाली. १९८० ते १९८४ या काळात ते अमेरिकेत राजदूत होते. त्यानंतर तीनदा लोकसभेवर निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले आणि १९९२ मध्ये उपराष्ट्रपती.

परराष्ट्र व्यवहाराचा एवढा अनुभव घेऊन राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवणारे उमेदवार देशात फार झालेले नाहीत. पण लोकांच्या तोंडी दोनच शब्द राहिले, ‘दलित राष्ट्रपती’. ज्यांना आनंद झाला त्यांना तेवढे पुरेसे वाटले आणि ज्यांनी नाके मुरडली त्यांनाही. बीजिंग आणि वॉशिंग्टनमधील त्यांच्या कामाकडे दोघांनीही फारसे पाहिले नाही.

तेव्हा उस्मानाबाद कुठे होते?

नारायणन यांना काँग्रेस, केंद्रातील संयुक्त आघाडी आणि भाजप अशा सर्वांचा पाठिंबा होता. प्रतिस्पर्धी होते माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन. निवडणुकांना शिस्त लावल्यामुळे शेषन यांच्याबद्दल मध्यमवर्गात मोठा आदर होता आणि तो अनाठायी नव्हता. त्यांना पाठिंबा देणारा महत्त्वाचा पक्ष होता शिवसेना. महाराष्ट्रात तेव्हा मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली युतीचे सरकार होते.

उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ त्या काळी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. १९९६ मध्ये तिथून शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडून आले होते. म्हणजे राखीव मतदारसंघातील खासदार एकीकडे आणि देशातील पहिल्या दलित राष्ट्रपतीच्या विरोधात उभी असलेली त्यांच्या पक्षाची भूमिका दुसरीकडे, असा पेच तयार झाला. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही. त्यामुळे कोणी कोणाला मत दिले याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण पक्षाने मतदारसंघातील लोकांना आपल्या भूमिकेची कारणे सांगायला हवी होती. शेषन यांच्या नावामागे मुद्द्यांवरचा आग्रह असेल, तर तो मुद्दा गावात येऊन मांडायला काय हरकत होती?

मतदान १४ जुलैला होते. त्याच्या तीनच दिवस आधी, ११ जुलैला, मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. त्या आठवड्यात दलित समाजातील माणूस देशाच्या सर्वोच्च पदावर जाणे याला मराठवाड्यात वेगळाच अर्थ होता. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला, त्यावरून घरे जाळली गेली आणि १९९४ साल उजाडल्यावर नामविस्तार झाला. हे सगळे पाहिलेल्या प्रदेशात प्रतीकाला मोल नाही असे कोणी म्हणू नये. नारायणन ९,५६,२९० विरुद्ध ५०,६३१ अशा फरकाने विजयी झाले.

जात आणि परराष्ट्र धोरण यांचा संबंध काय?

तो आपल्याकडे जुना आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये निजामाच्या राजवटीत असलेल्या याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. आंबेडकर महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. पुढे दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखी दोन कारणे होती : अनुसूचित जातींकडे सरकारचे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण. देशाला मित्र उरले नाहीत, त्यामुळे ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, असा त्यांचा हिशेब होता. बाहेरचे धोरण चुकले की घरातील गरिबासाठी पैसा उरत नाही, ही सांगड त्यांनी घातली होती.

दुसरे उदाहरण संयुक्त राष्ट्रांचे. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना वंशावरून मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्ये तिथे नेला. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे होते. भारताला ते मान्य नव्हते. पुढे २००१ मध्ये डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली. तिथे जातीचा प्रश्न घ्यावा, अशी मागणी दलित संघटनांनी केली. जात म्हणजे वंश नव्हे आणि तो आमचा अंतर्गत विषय आहे, अशी भूमिका या वेळी भारत सरकारने घेतली. जात आणि वंश वेगळे आहेत, हे समाजशास्त्रात मांडता येईल. पण १९४६ मध्ये जे उत्तर भारताने नाकारले, तेच २००१ मध्ये भारताने दिले, ही विसंगती उरतेच. तेव्हा राष्ट्रपतीपदी नारायणन होते. अशा वेळी त्या पदावरील व्यक्ती काय मानते, हे निवडीच्या वेळीच माहीत असणे किती गरजेचे आहे, ते यातून दिसते.

अधिकारच नसतील तर मते विचारून काय उपयोग?

हा आक्षेप रास्त आहे. घटनेच्या अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. परराष्ट्र धोरण सरकार ठरवते. राष्ट्रपती सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात; तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावा लागतो. पण तेवढ्या मर्यादेतही माणसागणिक फरक पडतो. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस १९९७ मध्ये फेरविचारासाठी पाठवली आणि १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची. दोन्ही सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती, हे लक्षात घ्यावे.

मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन दिल्लीत आले. त्याआधी त्यांनी भारतीय उपखंडाला जगातील सर्वांत धोकादायक जागा म्हटले होते. मेजवानीच्या भाषणात नारायणन यांनी त्या वर्णनाला उत्तर दिले. जग एक गाव झाले असले तरी त्याचा कारभार एकटा पाटील पाहणार नाही, या अर्थाचे एका आफ्रिकी नेत्याचे विधानही त्यांनी तिथे सांगितले. गावातला पाटील कसा असतो, हे जातीच्या उतरंडीत तळाशी जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. राजदूत म्हणून घेतलेला अनुभव आणि जन्माने दिलेला अनुभव त्या एका वाक्यात एकत्र आले.

राष्ट्रपतीपद वादात ओढू नये, असेही काही जण म्हणतात. पण उमेदवार राज्याराज्यांत जाऊन आमदार-खासदारांकडे मते मागतातच. बंद दाराआड ते जे बोलतात, ते लोकांसमोर बोलल्याने पदाची शान कशी कमी होईल?

मग धाराशिवच्या मतदाराने काय करावे?

पुढची राष्ट्रपतीपदाची निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. पुन्हा नाव जाहीर होईल आणि पहिल्या तासात उमेदवाराची जात, प्रांत, लिंग मोबाइलवर फिरू लागेल. शिवसेनेने १९९७ मध्ये शेषन, २००७ मध्ये मराठी म्हणून प्रतिभा पाटील आणि २०२२ मध्ये आदिवासी म्हणून मुर्मू यांना पाठिंबा दिला. इतर पक्षांची गणितेही याहून फार निराळी नसतात. त्या गणिताला उत्तर म्हणून जन्म विसरा, असे सांगणे सोपे आहे, पण ते खोटे ठरेल. जन्म लक्षात ठेवावा आणि त्यापुढचेही विचारावे.

आमदार-खासदार गावात आले की त्यांना तीन प्रश्न सरळ विचारता येतील. शिफारस घटनेत बसत नाही असे वाटले, तर हा उमेदवार ती परत पाठवेल का? देशात जातीवरून अत्याचार होतो तेव्हा तो गप्प बसेल का? आणि परक्या पाहुण्यासमोर देशाची बाजू मांडताना तो घरातील अन्याय लपवेल की मान्य करेल? मत गुप्त असले तरी मतामागची कारणे गुप्त ठेवण्याचे बंधन कोणत्याही लोकप्रतिनिधीवर नाही. जिल्ह्याच्या नावावर १,४०० मते मोजली जातात. त्यांचा हिशेब मागणे हा जिल्ह्याचा हक्क आहे.