गोदेच्या अलीकडचें नांदेड

कंधाराहून नांदेडास निघालेली एस.टी. गोदावरीचा पूल ओलांडण्यापूर्वींच अर्धी रिकामी होते. पूर्वीं असें होत नसे. माझ्या लहानपणीं नांदेड म्हणजे नदीपलीकडचें गांव. गुरुद्वारा, उस्मानशाही गिरणी, आगगाडीचें स्टेशन, सारें पैलतीरीं. ऐलतीरीं होतीं तीं काळ्या रानांतलीं शेतें. आतां प्रवासी सिडकोला उतरतात, लातूर फाट्याला उतरतात, आणि उरलेले पूल ओलांडून जुन्या नांदेडास जातात.

अण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंचा, धाकटा मुलगा या ऐलतीरावरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत अकरा वर्षें नोकरीस आहे. सिडकोंत दोन खोल्या भाड्यानें घेऊन राहतो. गेल्या महिन्यांत तो सुटीला घरीं आला, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर म्हणाला, "अण्णा, काका, मला तेथें घर घ्यावयाचें आहे. वाड्याचा उत्तरेकडचा सोपा विकून माझा वांटा मला आतांच मिळाला तर बरें होईल." अण्णा कांहीं बोलले नाहींत. सुपारी कातरीत बसले. वहिनी आंत गेल्या. ज्या घरांत चार पिढ्यांत कोणी 'माझा वांटा' हा शब्द मोठ्यानें उच्चारला नाहीं, तेथें त्याचा आवाज कसा घुमतो, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको.

पण मुलाचा विषय समजून न घेतां त्यास दोष देणें हें शिक्षकास शोभणारें नव्हे. म्हणून मी त्याच्याबरोबर चार दिवस सिडकोंत जाऊन राहिलों.

शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, १९७० सालीं स्थापन झालें, तें मुंबईच्या समोर नवें शहर वसविण्याच्या कामासाठीं. पुढें नाशिक, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) आणि नांदेड येथेंही त्यानें वसाहती उठविल्या. लोकांनीं 'नवीन नांदेड' हें नांव पत्त्यापुरतें ठेवलें आणि महामंडळाचेंच नांव जागेला दिलें. शेजारच्या वसाहतीचेंही तसेंच. हडको ही दिल्लीची कर्ज देणारी सरकारी संस्था. तिचेंही नांव एका वस्तीस चिकटलें, आणि आतां माणूस 'मी हडकोंत राहतों' असें सप्तमीचा प्रत्यय लावून सहज सांगतो. प्रत्यय लागला कीं शब्द भाषेचा झाला, असें मी वर्गांत सांगत असें. १९९७ सालीं नांदेड व वाघाळा मिळून महानगरपालिका झाली, तेव्हां कागदोपत्रीं दोन्ही तीर एक झाले.

तीं घरें मुळांत लहान. एका ओळींत, भिंतीस भिंत लावून बांधलेलीं, पुढें चार हात अंगण. कारखान्यांतला कामगार, एस.टी.चा वाहक, तलाठी, शाळामास्तर यांच्या मिळकतीचा अंदाज धरून तीं बांधलीं. प्रथम घेणाराला तीं हप्त्यांनीं मिळालीं. आज त्या पहिल्या धन्यांपैकीं बरेच सेवानिवृत्त झाले आहेत. कोणी पुण्यास मुलाकडे गेले, आणि घर विक्रीस निघालें. पुतण्याच्या मनांत असलेलें घर अशांपैकींच एक.

येथील भावाचें गणित मला आरंभीं उमगेना. मला वाटे, कारखाने चालतात म्हणून घरें महाग. पण पैलतीरीं उस्मानशाही गिरणी होती, ती बंद पडली, आणि तिच्या मजुरीवर चालणारें केवढें तरी जग तिच्याबरोबर ओसरलें. नुसत्या कारखान्याच्या भरंवशावर घराची किंमत टिकत नाहीं. ऐलतीराला आधार मिळाला तो निराळाच. १९८१ सालीं विष्णुपुरीस अभियांत्रिकी महाविद्यालय झालें, १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलें. मग प्राध्यापक आले, विद्यार्थी आले, खाणावळी आल्या, लोहा, कंधार, मुखेड, देगलूर या बाजूंचीं कुटुंबें मुलांच्या शिक्षणासाठीं येऊन राहूं लागलीं. ज्याला वरची एक खोली आहे त्याला भाडेकरूची वाण नाहीं. म्हणून प्रत्येकानें वर मजला चढविला आहे. त्याचा परिणाम गल्लींत भर दुपारीं दिवा लावावा लागण्यांत झाला. पुतण्यानें पाहिलेल्या घराच्या स्वयंपाकघरांत मला दुपारीं बारा वाजतां पंचांगांतलीं अक्षरें वाचतां आलीं नाहींत. हें मीं त्यास स्पष्ट सांगितलें.

कर्जाचेंही मीं कागदावर मांडून दाखविलें. वीस लाख रुपये शेकडा नऊ व्याजानें वीस वर्षांकरितां घेतले, तर दरमहा सुमारें अठरा हजार जातात, आणि अखेरीस त्रेचाळीस लाखांवर रक्कम भरली जाते. व्याजच मुद्दलाहून अधिक. 'गृह' हा शब्द 'ग्रह्' धातूपासून आला आहे. जें धान्य, माणसें, पाहुणे यांना आंत घेतें तें गृह. आतां घर गृहस्थालाच पकडून ठेवतें, एवढाच काय तो अर्थांत फरक. पुतण्या हंसला. म्हणाला, "काका, भाडें भरून वीस वर्षांनीं माझ्या हातीं काय राहील, तेंही मांडा." तेंही मांडलें. उत्तर शून्य आलें.

मग त्यानें एक स्वस्ताचा मार्ग पुढें केला. गांवाबाहेर कोणी शेतांत गुंठे पाडून विकतो आहे, निम्म्याहून कमी पैशांत जागा मिळते. येथें मात्र मला आवाज चढवावा लागला, कारण ही शाळा मी स्वतः शिकलेलों आहें.

१९९८ सालीं मींही असा एक गुंठा घेतला होता. चाळीस गुंठ्यांचा एकर; गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. हिशेब मला पाठ होता, कायदा नव्हता. शेतजमीन अकृषिक झालेली नाहीं, तुकडेबंदीमुळें खरेदीखत नोंदविलें जाईना, तर दलाल म्हणाला, शंभर रुपयांच्या बाँडावर लिहून घेऊं, सारे तसेंच करतात. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तावांचून पुरी होत नाहीं, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. पुढें २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ सालीं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठ्यांना वाढवून मिळाली, आणि पुष्कळांचे गुंठे शुल्क भरून मार्गीं लागले. माझा लागला नाहीं, कारण तोच तुकडा आणखी एकाला विकलेला होता, आणि त्याचा बाँड माझ्याहून तीन महिन्यांनीं जुना होता. पत्नीच्या पाटल्या त्यांत गेल्या. तिनें आजवर त्यावरून मला एक शब्दही ऐकविला नाहीं, हें मात्र मला फार जड जातें.

म्हणून पुतण्याला मीं सांगितलें, घे तर सिडकोंतलेंच घे. तेथें जमीन भाडेपट्ट्यानें दिलेली असते, म्हणून हस्तांतराची परवानगी आणि त्याचें शुल्क यांचा विचार आधीं कर. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतल्यावांचून इसाराचा रुपया देऊं नको.

परत आल्यावर घरीं बैठक झाली. वहिनी विरोध करतील असें मला वाटत होतें. त्यांचें सोवळें कडक. त्या गल्लींत एका ओळींत किती जातींचे लोक आहेत हें त्यांना पूर्ण ठाऊक आहे. सोडतींत घर लागतांना कोणी गोत्र विचारीत नाहीं. पण वहिनीच म्हणाल्या, "घ्या. अंधार असला तरी घ्या, पण त्याच गल्लींत घ्या." दोन वर्षांपूर्वीं सुनेच्या बाळंतपणाकरितां त्या तेथें होत्या. मुलगा तिसऱ्या पाळीवर, बाहेर धो धो पाऊस, आणि सुनेला अवेळीं कळा सुरू झाल्या. भिंतीपलीकडची बाई मुखेडकडच्या तांड्यावरची, लमाणी. तिच्या नवऱ्यानें आपली रिक्षा काढली, ती स्वतः सुनेला मांडीवर धरून बसली, आणि पुढें बारा दिवस दोन्ही वेळां डबा तिच्या घरून आला. वहिनींनीं तो खाल्ला. हें त्यांनीं आम्हांला त्या दिवशीं प्रथमच सांगितलें. अण्णांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

उत्तरेकडच्या सोप्याचें काय, हा प्रश्न उरला. कंधारांत माळवदाच्या वाड्याला गिऱ्हाईक मिळतें तें पाडणारेंच. त्या सोप्यांत मीं सव्वीस वर्षें गांवच्या मुलांना रूपें पाठ करविलीं. तुळईवर खडूनें काढलेल्या खुणा अजून आहेत. अण्णा माझ्याकडे न पाहतां म्हणाले, "तुझी संमति लागेल." मीं कागद मागून घेतला आणि सही केली.

वकिलाचा शोध अहवाल पुढील आठवड्यांत यावयाचा आहे. गुंठ्याचा तो जुना बाँड मीं पुतण्याच्या फायलींत सर्वांत वर लावून दिला आहे.