पडवीतलं ऑटोमॅटिक

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसलोय. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, ब्लॉग बंद केला का?" बंद नाही केला. गेले दोन महिने एका कामात अडकलो होतो आणि ते काम काय ते सांगितलं तर हसाल. मी एक जुनं वॉशिंग मशीन दुरुस्त करत होतो. (म्हणजे करणारा दुसराच. मी आपला पाना हातात द्यायला.)

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधी मागची पडवी रिकामी करायला काढली. कांद्याची रिकामी पोती, मोडकी खाट, माझ्या नोकरीतले जुने हजेरीपट... आणि या सगळ्याच्या खाली ताडपत्रीत गुंडाळलेलं ते धूड. पुढून गोल काचेचं दार असलेलं, पूर्ण ऑटोमॅटिक. दार उघडलं तर आत मांजरीनं कधीकाळी संसार थाटल्याच्या खुणा. धाकटा मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला बोलवा. नवीन मी घेऊन देतो."

हे मशीन आमच्याकडे आलं १९९६ साली. मुंबईचे माझे मेहुणे दुबईला चालले होते, त्यांनी जाताना बहिणीला दिलं. त्या वेळी गावात वॉशिंग मशीन म्हणजे फार तर टीव्हीवरच्या जाहिरातीतलं, दोन टबांचं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं (तीच कंपनी पुढे २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, काळ बघा कसा असतो). पूर्ण ऑटोमॅटिक तर कुणी पाहिलंच नव्हतं. टेम्पोतून उतरवायला चार गडी लागले. आत मशीन हलू नये म्हणून चक्क काँक्रीटचा ठोकळा असतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक! आजूबाजूच्या बाया बघायला आल्या. आमच्या आईनं हळदकुंकू वाहिलं आणि लगेच म्हणाली, "आता सूनबाईचे हात कशाला आहेत म्हणायचं?"

दोन महिन्यांत ते बंद पडलं. म्हणजे "बंद पडलं" असं आम्ही सगळे तीस वर्षं म्हणत आलो.

तर यंदा मी हट्टाला पेटलो. नारायणगावला माझा एक जुना विद्यार्थी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी भरणं हा त्याचा खरा धंदा. शाळेत मराठीत कायम काठावर पास, पण हाताला अक्कल अशी, की बोलायची सोय नाही. त्याला म्हटलं, बघतोस का? तो म्हणाला, "सर, उघडून बघायला काय जातंय."

मागचा पत्रा काढल्यावर मी वर्गातल्या पोरासारखा बघतच राहिलो. आतलं काहीही लपवलेलं नव्हतं. पट्टा, पुली, मोटर, पंप. पुढची ती फिरवायची गुंडी आहे ना, तिच्या मागे एक छोटी मोटर आणि तिच्यावर खाचा असलेल्या चकत्या. चकती हळूहळू फिरते आणि खाच आली की एक बटण दाबलं जातं. पाणी घे, फिर, थांब, पाणी सोड. आमच्या जत्रेतल्या वाजत्या पेटीसारखाच प्रकार. आणि पाणी किती भरलं हे कसं कळतं? एक बारीक नळी खाली टबाला जोडलेली. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि वरची डबी टक्‌ करते. पेला पालथा पाण्यात बुडवायचा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलाय, तोच हा!

बिघाड पुष्कळ होते, पण सगळे पडून राहिल्याचे. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. मोटरचे कार्बन चिकटलेले. ड्रमच्या मागचे दोन्ही बेअरिंग गंजून धरलेले. ते काढायला त्याला एक अख्खी दुपार लागली. पण काढल्यावर त्यानं कापडानं पुसलं, चष्म्याखाली धरलं आणि म्हणाला, "६२०४ आणि ६२०५. सर, हे काय, दुकानात पडलेत." पंचवीस मिलिमीटरचं भोक, बाहेरून बावन्न मिलिमीटर, म्हणजे ६२०५. जगात कुठेही, कुणीही बनवलं तरी हेच. चिंचवडच्या कारखान्यातलं असो नाहीतर जर्मनीतलं. मला त्या आकड्यांचं फार कौतुक वाटलं. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासाठी किल्ली ठेवून गेल्यासारखं.

दाराचं रबर मात्र वाळून चिरलं होतं. त्यासाठी पुण्याला दोन खेपा झाल्या. तपकीर गल्लीत वायरी आणि पट्टा मिळाला, रबर नाही. शेवटी रविवारी जुन्या बाजारात भंगारातल्या एका मशीनच्या तोंडाचं रबर, घासाघीस करून साडेतीनशेला. एकूण खर्च ६,४०० रुपये. धाकट्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "एवढ्या पैशांत नव्याचा पहिला हप्ता झाला असता." असेल बुवा. पण नवं मशीन बिघडलं की आतला एक अख्खा छापील पट्टा बदला म्हणतात, आणि तो मिळत नसेल तर मशीनच बदला. फ्रान्समध्ये २०२१ साली पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनवर दुरुस्तीच्या सोयीचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण या विषयावर सध्या सगळेच लिहितात, आणि मला खरं जे लिहायचंय ते वेगळंच आहे.

सगळं जोडून झाल्यावर विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, हे मुळात बिघडलं कशानं होतं?"

मी म्हटलं, "पाणीच घ्यायचं नाही रे. नुसतं गुं-गुं करत उभं राहायचं."

त्यानं पाणी आत येण्याची झडप तपासली. तोंडावरची जाळी साफ केली, वीज देऊन पाहिली, वरच्या टाकीचा पाइप लावला. पाणी धो धो आत. तो म्हणाला, "सर, झडप चांगली आहे. हिला पाण्याचा दाब लागतो. आत रबराचा पडदा असतो, तो उचलायला निदान तीन-चार मीटर उंचीवरचं पाणी पाहिजे. तेव्हा टाकी कुठं होती?"

टाकी नव्हती. तेव्हा गावाला पाणी यायचं दिवसाआड पाऊण तास, ते अंगणातल्या हौदात. मशीनसाठी मी भिंतीवर पाच फुटांवर एक पिंप बसवलं होतं आणि मोठं काम केल्यासारखा शाळेत निघून गेलो होतो. त्या पिंपातून पाणी चढायचं नाही. मग ही काय करायची? साबणाचा तो खण उघडायचा आणि त्यातून कळशीनं पाणी ओतायचं. मशीननं एकदा पाणी सोडलं की पुन्हा हौदावर, पुन्हा कळशी. एका धुण्याला चार-पाच वेळा. त्यात साधी पावडर घातली की फेस खणातून बाहेर. असे दोन महिने काढल्यावर एक दिवस तिनं मशीनवर पाट ठेवला आणि पाटावर पापडांची ताटं. मी विचारलं तर म्हणाली, "बंद पडलंय."

मशीनला काहीच झालं नव्हतं, हे मला पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर एका मोटर भरणाऱ्या पोरानं सांगितलं.

स्वीडनच्या हान्स रोसलिंग यांचं २०१० सालचं वॉशिंग मशीनवरचं भाषण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्यांच्या घरी पहिलं मशीन आलं त्या दिवसाची हकीकत सांगतात ते. आईचा वेळ वाचला आणि ती त्यांना ग्रंथालयात घेऊन जायला लागली. मशीनमध्ये कपडे घालायचे आणि त्यातून पुस्तकं काढायची, असा त्यांचा गमतीचा प्रयोगही आहे. मी ते भाषण दोनदा ऐकलं, नातवालाही ऐकवलं. पण आमच्या घरात पुस्तकं कुठून आली याचा विचार केला नव्हता. १९९७ साली मी फंडातून उचल काढून काचेचं सागवानी कपाट केलं, विश्वकोशाचे खंड ठेवायला. त्याच पैशात स्लॅबवर टाकी झाली असती. तेव्हा तिनं विचारलंही होतं एकदा, "टाकीचं काय?" मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी बघू.

टाकी बसली २००९ साली, मी निवृत्त झाल्यावर. तीही कशाला? तर सोलरला लागते म्हणून, माझ्या गुडघ्यांना सकाळी गरम पाणी हवं म्हणून. मशीन तेव्हाही पडवीतच होतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी मराठीचा शिक्षक, गणित कच्चं, तरी परवा कागदावर मांडलं. आई, वडील (धोतर नेसायचे), आम्ही दोघं, तीन मुलं. आधी आंबेगाव तालुक्यात नोकरीला होतो तेव्हा घोड नदीवर, पुढे इथे जुन्नर तालुक्यात घर बांधल्यावर मीना नदीवर आणि मग हौदावर. भिजवायचं, घासायचं, दगडावर आपटायचं, पिळायचं, माझ्या सदऱ्यांना नीळ. रोजचा दीड तास धरला तर तीस वर्षांचे साडेसोळा हजार तास होतात. माझी शाळा वर्षाचे २२० दिवस, दिवसाचे साडेपाच तास. म्हणजे तिची ती साडेतेरा वर्षांची पूर्णवेळ नोकरी झाली. मला पेन्शन आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे (रागावणारे रागावोत), की घरात यंत्र आणणाऱ्या पुरुषाला वाटतं आपलं काम झालं. खोकं आलं, पेढे वाटले, फोटो काढला. यंत्राच्या आधी नळ लागतो, नळाला दाब लागतो, वीज लागते, पाणी जायला मोरी लागते, आणि ही सगळी पुरुषांच्या अखत्यारीतली कामं आहेत. ती न करता ऑटोमॅटिक आणलं, तर ऑटोमॅटिक कुणीतरी दुसरंच होतं. मिक्सर, घरघंटी, गॅस, सगळ्यांचं हेच. गिरणीला वीज नाही म्हणून जात्यावर बसणारी आई मी पाहिलेली आहे.

हे घरापुरतंच नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं, तालुक्याला नाव देणारं. आणि त्याच धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधून एप्रिल-मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन उतरणाऱ्या बाया मी नोकरीत वर्षानुवर्षं पाहिल्या. माझ्या वर्गातल्या मुली त्यांत असायच्या, आणि मी हजेरीपटावर गैरहजर मांडायचो. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं ठरलंय. पुष्कळ घरांत नळ आलेही, मी पाहिले. पण नळ मोजताना त्याच्या खाली हंडा भरायला किती वेळ लागतो हेही कुणी घड्याळ लावून मोजावं. आमच्या पिंपालाही नळ होताच की!

असो. फार लांबलं.

पहिलं धुणं लावलं त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई दारातच उभी राहिली होती. तिनं विचारलं, "गुरुजी, माझं धुणं गेलं का?" आमच्या हिनं माझ्याआधी उत्तर दिलं, "पगार तोच राहील, दोऱ्यांवर वाळत घालायचं तेवढं तुझं." मी गुंडी फिरवली. पाणी भरलं, टक्‌ झालं, ड्रम फिरायला लागला. विद्यार्थी, मी आणि ही, तिघंही काचेसमोर बसलो होतो. पहिलं पाणी सोडून मशीन क्षणभर थांबलं आणि ही पटकन उठली. कोपऱ्यातली कळशी तिच्या हातात होती.

तो म्हणाला, "काकू, बसा. ते घेतं आपलं आपण."

ती बसली. पाणी भरण्याचा आवाज येईपर्यंत कळशी मांडीवरच होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, पण आता आपल्या दोघांचे कपडे असतात तरी किती?"

मला काही उत्तर सुचलं नाही. विद्यार्थ्यानं चहा मागितला.