धाकानं धुरा सरळ होत नाही

परवा लिंबागणेशला पारावर एका शिकल्यासवरल्या माणसानं ठासून सांगितलं, की दया-क्षमा कीर्तनात ऐकायला बरी; गाव चालतं ते धाकावर. एकदा माफ केलं की समोरचा डोक्यावर बसतो. चार माना डोलल्या. मला ते सहन झालं नाही.

ज्या देवामुळं हे गाव ओळखलं जातं, तो भालचंद्र. चंद्र हसला म्हणून गणपतीनं त्याला शाप दिला आणि तो शरण आला तेव्हा त्यालाच कपाळावर घेतलं. पण शाप सगळा पुसला नाही, भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा एक दिवस राखून ठेवला. त्या रात्री आपण अजूनही चंद्राकडं बघत नाही. म्हणजे क्षमा करणाऱ्या देवानंही चूक ही चूकच धरली. हे धाकवाल्यांना उमगत नाही, तसं ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्यांनाही नाही. त्यांच्याशी मी पूर्वीच भांडलो आहे. ज्याची जमीन गेली त्याला विसर म्हणणं ही दया नव्हे, दांडगाई आहे.

आता धाकाचं बघू. तो मी घरात पाहिला आहे. चुलत्यानं नांगरताना धुऱ्याचं, म्हणजे दोन रानांमधल्या बांधाचं, एक तास घेतलं. वडिलांनी पुढच्या साली दोन घेतली. एकमेकांना धाक घालता घालता धुरा एवढा बारीक झाला, की त्यावरून डोक्यावर भारा घेतलेली बाई नीट चालू शकेना. मग मोजणी आली. ती मान्य नाही म्हणून फेरमोजणी. मग काठ्या, पोलीस ठाणं, दिवाणी दावा. तारखेला दोन्ही घरं एकाच एसटीनं बीडला जायची. एक घर पुढं बसायचं, एक मागं. कागदांची पिशवी वडील उशाला घेऊन झोपायचे. वकिलाची फी भागवायला चुलतभावानं मुकादमाकडून उचल घेतली आणि बायकोसह ऊसतोडीला गेला. त्याच्या पोरीची शाळा तिथंच सुटली. वितभर रानासाठी! विचारा त्या विद्वानाला, यात धाक कुणाला बसला? पोरीला?

क्षमा बलवानालाच शोभते, असाही मुद्दा पारावरच्या त्या माणसानं काढला. त्याचं उत्तर माझ्या आईनं दिलेलं आहे. ते पुढं सांगतो.

ज्ञानदेवांनी नेवाशात पसायदान मागितलं, तेव्हा दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. राज्यात 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली ती याच वाटेनं. 2023 च्या सलोखा योजनेत, एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान 12 वर्षं चाललं असेल, तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त करण्याची सोय झाली. पण दस्ताला दोघांची संमती लागते. ती काठीनं मिळत नाही.

आता आईचं उत्तर. 2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साल. चुलत्याचं बोअर आटलं. आमच्या विहिरीला जेमतेम पाणी होतं. आईनं निरोप धाडला, घागरी भरून न्या. वडील तडकले. ती म्हणाली, ‘‘दावा चालू द्या, पाणीबी चालू द्या.’’ पुढच्या तारखेला ती स्वतः वडिलांबरोबर कोर्टात गेली, आणि तिनं एक वीतही सोडली नाही. हक्क सोडला नाही, सूड सोडला. चुलती रोज आमच्या विहिरीवर यायची. पहिले आठ दिवस मान खाली घालून, मग बोलू लागली.

दोन वर्षांनी लोकअदालतीत तडजोड झाली. जुन्या खुणेवर धुरा धरला. चुलत्यानं आपल्या हातानं दगड रोवला. तो दगड अजून आहे, आणि पेरणीआधी त्याला चुना लावायला दरसाल चुलतभाऊच येतो.