शेकरू जपलं, उंदराचं काय?

भीमाशंकरला येणारा पाहुणा मान वर करून चालतो. फांदीवर शेकरू दिसलं, मोबाइलमध्ये आलं, की त्याचं रान पाहून होतं. शेकरूबद्दल तक्रार नाही; तो आपला राज्यप्राणी, आणि १९८५ साली झालेलं हे अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. तक्रार आहे ती त्याच्या आडून होणाऱ्या युक्तिवादाची: ‘शेकरू जपलं की सगळं रान जपलं जातं. उंदरांचं कसलं कौतुक? ते इथून तिथून सारखेच. धान्य खाणार आणि रोग पसरवणार.’

आधी ‘सारखेच’चं पाहू. पुणेकर सिंहगडावर पिढ्यान्‌पिढ्या पिठलं-भाकरी खात आले. त्याच माथ्यावर बिळात राहणारा, रात्री हिंडणारा एक उंदीर १९७५ मध्ये विज्ञानाला नवा ठरला. मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी गडाच्या जुन्या नावावरून त्याला ‘मिलार्डिया कोंडाना’ म्हटलं. आज तो संकटग्रस्त आहे. साताऱ्याचं नाव मिरवणारा ‘रॅटस सताराय’ हा तर ओलसर दाट रानात झाडांवर राहणारा निशाचर. त्याचं वर्णन १९१८ मध्ये झालं, पण पुढे कित्येक वर्षं तो साध्या काळ्या उंदराचाच एक प्रकार मानला गेला. कायद्यानंही तेच केलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर सरसकट उपद्रवी म्हणून टाकले होते. २०२२च्या दुरुस्तीनं ती अनुसूची गेली; आपल्या मनातली मात्र जागेवर आहे.

धान्य आणि रोगाचा आरोप खरा, पण आरोपी वेगळा. भाताच्या कणगीत शिरतो तो घरउंदीर, शेत पोखरते ती घूस. रानातला उंदीर आपल्या वाटेला सहसा जात नाही. रान तोडून वस्ती आत नेली की आपणच त्याच्या वाटेला जातो. रोगाची खरोखर धास्ती असेल, तर रान सलग ठेवणं हाच शहाणपणा.

उरला मुख्य मुद्दा. शेकरूचा संसार वरच्या मजल्यावर: फांदीला भिडलेली फांदी, उंचावर काटक्यापानांचं घरटं, आणि सगळा व्यवहार दिवसाउजेडी. उंदराचा संसार रात्रीचा. त्याला ढोली लागते, पडलेला ओंडका लागतो, पायाखाली पाचोळ्याचा थर लागतो. म्हणून असंही होऊ शकतं, की वरची सावली शाबूत ठेवून खालचं सगळं झाडून काढलं, वाळलेलं लाकूड उचललं, फरशी घातली, दिवे लावले, तर शेकरू टिकेल आणि उंदीर जाईल. मग त्याच्यावर जगणारं रानघुबड, वाघाटी आणि साप कशावर जगणार? उंदीर बिया फस्त करतो हे कबूल. पण पुरून विसरलेली एखादी बी रुजते, तेही त्याच्याच खात्यावर मांडायला हवं.

हे शहाणपण बाहेरून आणायची गरज नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी गावांनी देवराया राखल्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक राया तर अशा, की तिथलं पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. हा नियम एका प्राण्याचं नाव घेत नाही, म्हणूनच तो सगळ्यांना पुरतो. पावसाळ्यात भीमाशंकरजवळच्या आहुप्याच्या रानात काळोखात हिरवट उजळणारी बुरशी पाहायला गर्दी होते. ती बुरशी वाढते कुजक्या लाकडावरच! लाकूड उचला, उजेडही गेला.

तेव्हा देवस्थानं, ग्रामपंचायती आणि वनखातं यांना मागणं एवढंच: सुशोभीकरणाचा आराखडा कराल तेव्हा राईच्या हद्दीबाहेर थांबा. पडलेलं झाड पडून राहू द्या, ढोली बुजवू नका, रात्री दिवे विझवा.