उतावळा शागिर्द आणि पोळलेला उस्ताद

अवकाशयानं आणि चमकणाऱ्या तलवारी दिसल्या की अम्मी-अब्बूंना वाटतं, पोरगं वेळ वाया घालवतंय. ‘जेडी अप्रेंटिस’ ही इंग्रजी पुस्तकमाला मात्र मुलाच्या हातून मागून घेऊन तुम्हीही वाचा. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या दुनियेतली ही मालिका १९९९ ते २००२ या काळात आली. पहिलं पुस्तक डेव्ह वोल्व्हर्टन यांचं, पुढची ज्यूड वॉटसन यांची.

ओबी-वॅन तेरा वर्षांचा व्हायला थोडेच दिवस उरलेत. तोवर कुणा उस्तादाने पदरात घेतलं नाही, तर जेडी होणं संपलं. शेतीच्या कामावर रवानगी. पोरगा हुशार, पण रागीट आणि उतावळा. उस्ताद क्वाय-गॉन त्याची लढत पाहतो आणि नकार देतो.

कारण फक्त पोराचा राग नाही. क्वाय-गॉनचा आधीचा शागिर्द झॅनाटोस वाईट वाटेला लागलेला असतो. त्या जखमेची शिक्षा या नव्या पोराला भोगावी लागते. वाचकहो, हे आपल्या घरांतही चालतं. थोरल्याने दहावीत निराशा केली म्हणून धाकटीच्या मोबाइलवर, मैत्रिणींवर, हसण्यावरही पहारा ठेवणारे पालक मला दरवर्षी भेटतात. तिने काय केलं, असं विचारलं की उत्तर थोरल्याचंच येतं.

पुढे क्वाय-गॉन त्याला पदरात घेतो. पाचव्या आणि सहाव्या भागात तर लेखिकेने कमालच केली आहे. मेलिडा आणि डान या दोन जमाती पिढ्यान्‌पिढ्या लढताहेत. मेलेल्यांच्या बोलत्या प्रतिमा जतन करून ठेवल्यात, त्या सूडाच्या गोष्टी सांगत राहतात. कंटाळून तिथली मुलंच मोठ्यांविरुद्ध उभी राहतात. उस्तादाला जखमी सहकारी ताहल हिला घेऊन परतायचं आहे. ओबी-वॅनला त्या मुलांना सोडवत नाही. दोघे एकमेकांवर तलवार उगारतात. पोरगा मागे राहतो, जेडीपण सोडून.

चूक कुणाची? मला तरी दोघांची बाजू पटते. पोराची कळकळ खरी, पण युद्ध जिंकल्यावर मुलांमध्येच फूट पडते आणि त्याची जिवलग मैत्रीण सेरासी मारली जाते. मग तो उस्तादाला हाक मारतो. उस्ताद येतो, मदत करतो. मात्र लगेच पुन्हा शागिर्द करून घेत नाही. माफी मिळते, भरवसा वेळ घेतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात ही गोष्ट इतक्या सरळपणे सांगितलेली क्वचितच सापडते.

खलनायक मात्र फारच काळेकुट्ट आहेत आणि सुटकेचे प्रसंग तेच ते वाटतात. इंग्रजी सोपं आहे; सातवी-आठवीच्या मुलांना शब्दकोश जवळ ठेवून जमेल. पाचवा भाग हाती देताना सहावाही मिळवून ठेवा, नाहीतर पोरं रात्रभर जागवतील.