खेकड्याचे रक्त, पक्ष्याची शिदोरी

अमेरिकेतील डेलावेअर उपसागराच्या वाळूत मे महिन्यात हॉर्सशू खेकडे अंडी घालतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले 'रेड नॉट' पक्षी याच सुमारास येथे उतरतात आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतात. लांबच्या उड्डाणासाठी त्यांची पेषणी आक्रसलेली असते. शिंपले दळणे कठीण जाते, मऊ अंडी मात्र सहज पचतात. ही अंडी वाळूत खोल असतात. नंतर आलेले खेकडे जुनी घरटी उकरतात, तेव्हा ती वर येतात. म्हणून खेकड्यांची गर्दी ओसरली की पक्षी उपाशी राहतात.

मासेमारीच्या आमिषासाठी खेकडे बेसुमार पकडले गेले. १९८०च्या दशकात ९० हजारांवर मोजलेले पक्षी २०२१ मध्ये सात हजारांहूनही कमी भरले. न्यू जर्सीने २००८ मध्ये आमिषासाठीची पकड थांबवली. पण लशी आणि इंजेक्शनांत जिवाणूंचे विष नाही ना, हे तपासण्यासाठी खेकड्यांचे रक्त आजही काढले जाते. त्यात काही खेकडे दगावतात. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या पर्यायाला अमेरिकेच्या औषध-मानक संस्थेने २०२४ मध्ये मान्यता दिली. मात्र तो सक्तीचा नाही. औषध कंपन्या तो किती लवकर स्वीकारतात, यावर या पक्ष्यांची शिदोरीही अवलंबून आहे.